लाकडी तलवार आणि आमची पन्नाशीची बॅच

काही ठिकाणी माणूस दहा वर्षं जातो-येतो आणि सांगण्यासारखं एक वाक्य हाती लागत नाही. आणि काही ठिकाणी आठवड्यातून दोनदाच जातो, तरी इतके किस्से साचतात की घरचे हात जोडून म्हणतात, "आता पुरे!" माझं जळगावात चष्म्याचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, एक डोळा झाकतं आणि पाटीवरची अक्षरं वाचायच्या आधी विचारतं, "मग भाऊ, तलवारीचं काय नवीन?" मी सांगत बसतो. नंबर राहतो बाजूला!

तलवार लाकडी, विद्या कोरियन, तिचं नाव गुमदो. शिकणारे आम्ही आठ-नऊ जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले.

*

माझी सुरुवात शुगरमुळे झाली. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा, नाहीतर गोळी." योगाच्या वर्गाला गेलो. शवासनात झोप लागली आणि मी घोरलो. आठवड्याभरानं योगशिक्षकांनीच प्रेमानं सुचवलं, "तुम्ही हे घरी केलंत तरी चालेल."

मग एका मंगल कार्यालयाच्या भिंतीवर फलक दिसला. 'कोरियन तलवार शिका. वय वर्षे आठच्या पुढे.' मी फोन लावला. म्हटलं, "मी बावन्न वर्षांचा आहे. पुढे म्हणजे किती पुढे?"

पलीकडे मुलीचा आवाज होता. "काका, हात डोक्याच्या वर जातो का?"

"उजवा जातो. डावा जरा थांबून जातो."

"मग या शनिवारी. थांबून गेला तरी चालेल."

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "उन्हाळ्यात टरबूज कापताना तीन टाके पडले होते, आठवतंय ना?"

"अगं, तलवार लाकडी आहे."

"बरं. म्हणजे या खेपेला मुका मार!"

*

फोनवरची मुलगी म्हणजे आमची गुरू, तेजल मॅडम. वय सत्तावीस, राहणार धुळे. पुण्यात राहून ही विद्या शिकलेली. आठवडाभर धुळ्यात क्लास घेते आणि शनिवार-रविवार एसटीनं जळगावला येते.

पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितला. वर्ग सुरू होताना शिक्षकाला वाकून नमस्कार करायचा, शिक्षकही वाकून उत्तर देणार. आमच्यात एक नाना आहेत, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, अमळनेरकडचे. वय त्रेसष्ट. नाना वाकले. समोर तेजल वाकली. नानांच्या पुढ्यात वाकलेलं डोकं आलं आणि त्यांचा हात आपोआप त्यावर गेला. "सुखी ऱ्हाय माय!"

तेजल म्हणाली, "नाना, इथं मी शिक्षक आहे. आशीर्वाद नाही द्यायचा, नुसतं वाकायचं."

पुढच्या शनिवारी नाना दोन्ही हात मांड्यांना घट्ट चिकटवून वाकले. तेजल वाकली. आम्ही सगळे बघतोय. नानांचा हात हलला नाही. दोघं सरळ झाले. तेजल खूश होऊन "शाब्बास" म्हणणार, तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, "आशीर्वाद मनमा दी टाका!"

तेजल एरवी अगदी शुद्ध बोलते. पण राग आला की तिचं धुळं बाहेर येतं. नाना तलवार पहिल्यापासून पावसात उभं राहिल्यासारखी धरायचे. महिनाभर तिनं गोडीनं सांगितलं. एक दिवस ओरडलीच, "नाना, तलवार शे ती, छत्री नही!"

नाना इतके हरखले की विचारू नका. "माय, तू तर आपलीच शे!" म्हणाले. तलवार तशीच धरलेली होती.

*

क्लास मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. लग्नसराईत खाली पंगत आणि वर आम्ही. आमचा पोशाख म्हणजे पांढरा अंगरखा, काळी घेरदार विजार आणि कमरेला पट्टा.

एका रविवारी जिन्यातून वर जाताना एक घामाघूम माणूस आडवा आला. वधूचा मामा असावा. त्यानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कडाडला, "केटरिंगवाले आत्ता येता का? बट्ट्या पडून आहेत, पंगत खोळंबलीय! चला, वरणाच्या बादल्या उचला!"

मी समजावायला तोंड उघडलं. प्रमोदभाऊंनी, म्हणजे आमच्यातल्या कापड दुकानदारांनी, मोबाइलवर क्लासचा फोटोसुद्धा काढून दाखवला. मामा ऐकेना. कसेबसे सुटून वर गेलो, तर नाना नाहीत. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तेजल खाली बघायला गेली आणि तोंडाला हात लावून परत आली.

नाना पंगतीत वांग्याची भाजी वाढत होते. तलवार पट्ट्यात खोचलेली. दोन ओळी वाढून झाल्यावर वर आले आणि म्हणाले, "लोके भुक्या बसेल व्हतात. तलवार कोठे पळी जास?"

*

आता सुमनअक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या. रावेरकडं केळीची शेती, आता मुलाच्या, म्हणजे जितूच्या, पोरांच्या शाळेसाठी बिऱ्हाड जळगावात. पहिल्या दिवशी त्यांनी तलवार फिरवली आणि तेजल बघतच राहिली. उभा जन्म केळीची पानं आणि घड उतरवण्यात गेलेला. त्यांचं मनगट जे वळायचं ते आम्हाला सात जन्मात जमणार नाही. आम्हाला तेजल म्हणायची, "अक्कांकडं बघा."

अडचण एकच होती. गुमदोत प्रत्येक वाराबरोबर पोटातून ओरडावं लागतं. त्याला किहाप म्हणतात. शब्द कुठलाही चालतो, पण आवाज खणखणीत हवा. प्रमोदभाऊ पहिल्यांदा ओरडले तेव्हा खालचा वॉचमन काठी घेऊन धावत वर आला. माझा किहाप खोकल्यासारखा निघाला. नाना "चलाऽऽ" म्हणून ओरडले आणि सवयीनं भिंतीवर दोनदा थापही मारली.

अक्कांनी वार केला. सुरेख वार. तोंड उघडलं. आवाज नाही.

आम्ही हसलो. तेजलनं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. प्रमोदभाऊ म्हणाले, "अक्का, आवाज म्यूटवर आहे!" पुन्हा हशा.

तेव्हा अक्का खाली बघत, नेहमीच्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "मागच्या वर्षी जितूचे बाबा शेतात चक्कर येऊन पडले. मजूर पार दुसऱ्या टोकाले. मी हाक मारू गेली तर तोंडातून आवाजच नाही निघाला. पयत गेली मंग टोकापावेतो." मग हातातल्या तलवारीकडं बघत म्हणाल्या, "तलवार नाही आली तरी चालीन मले, मॅडम. वरडता आलं पाह्यजे."

हसल्याची मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी उरलेला वेळ मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. प्रमोदभाऊंनी नंतर जिन्यात त्यांची माफी मागितली. अक्का म्हणाल्या, "तुमी हसले त्याचं काही नाही. तुमाले निदान मोठ्यानं हसता येतं."

*

परीक्षा जवळ आली तेव्हा तेजलला वाटलं, आम्ही एकदा खरोखर काहीतरी कापून बघावं. रीतसर परवान्याची खरी तलवार तिच्याकडे एकच. कापायचं काय? अक्कांनी केळीची बाग सुचवली. घड निघून गेले होते, उरलेली खोडं तशीही पाडायचीच होती.

आम्ही परीक्षेसाठी धुऊन इस्त्री केलेले पांढरेशुभ्र अंगरखे घालून बागेत हजर झालो. फोटो काढायचे होते ना! अक्का मात्र यजमानांचा जुना, विटका शर्ट घालून आल्या होत्या. मला वाटलं, घाईत विसरल्या असतील.

काय सांगू ती मजा! एका वारात खोड आडवं. पाणी अंगावर उडतंय, आम्ही पोरांसारखे किंचाळतोय, तेजल टाळ्या वाजवतेय. अक्का मधेच काहीतरी बोलल्या. मग परत बोलल्या. आम्ही मान डोलावली आणि पुढचं खोड गाठलं.

दुपारी अंगरखे वाळले आणि सगळ्यांवर तपकिरी डाग उमटले. केळीचा चीक! ओला असताना पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की जन्मभर जात नाही. तेजल धुळ्याची, तिला ठाऊक नव्हतं एक वेळ ठीक आहे. पण आम्ही जळगावकर! जन्मभर केळी नुसती खाल्ली. प्रमोदभाऊंनी कापडवाल्याच्या नजरेनं डाग पाहिला आणि निकाल दिला, "हा जात नसतो. आता उरलेलं कापडही याच रंगाचं करा."

"अक्का, तुम्हाला माहीत होतं तर सांगायचं ना!" मी म्हणालो.

"तीनदा सांगतलं," अक्का म्हणाल्या.

*

परीक्षा धुळ्याला. आम्ही एसटीनं निघालो. लाकडी तलवारी सतरंजीत गुंडाळून नानांनी सीटखाली ठेवल्या. पारोळ्याला गाडीत एक हवालदार चढले. बसताना त्यांचा पाय गुंडाळीला लागला आणि एक मूठ बाहेर आली.

"हे काय?"

नाना उभे राहिले. चाळीस वर्षं पॅसेंजरांना समजावलेला माणूस! तेजल, परीक्षा, कोरिया, शुगर, गुडघे, सगळं सविस्तर सांगितलं. हवालदारांनी तलवार हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मी घड्याळ पाहिलं. परीक्षा अकराला होती.

ते म्हणाले, "धरून दाखवा."

नानांनी धरली. आपली नेहमीची, छत्रीसारखी.

हवालदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, अंगठा असा नाही." मग धुळं येईपर्यंत त्यांनी नानांची पकड बसवून दिली. जे तेजलला सहा महिन्यांत जमलं नव्हतं! उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आलीय. तुमच्यात घेतात का?"

*

परीक्षक पुण्याहून आले होते, तेजलचे गुरू. पिकलेल्या केसांचे, कमी बोलणारे. आमच्या डागाळलेल्या अंगरख्यांकडे बघून त्यांनी तेजलला विचारलं, "ही जळगावची पद्धत का?" तेजल मान खाली घालून म्हणाली, "हो सर."

परीक्षा अशी होती. दोघं जण वर्तमानपत्राचा मोठा कागद ताणून धरणार, आपण लाकडी तलवारीनं तो एका वारात फाडायचा. वाराबरोबर किहाप. आवाज नसेल तर वार धरत नाहीत. संधी तीन.

मी दुसऱ्या खेपेला पास झालो. नाना पहिल्याच. प्रमोदभाऊंचा आवाज पास झाला, कागद तिसऱ्या वेळी फाटला.

शेवटी अक्का.

त्यांचे यजमान सोबत आले होते. आम्ही त्यांना पाटीलभाऊच म्हणतो. मागच्या खुर्चीत डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि हॉलमधल्या पंख्याखाली त्यांचा डोळा लागला होता.

पहिला वार. कागदाचे सरळ दोन तुकडे. आवाज नाही. सरांनी मान हलवली. "धरता येणार नाही."

दुसरा वार. पहिल्यापेक्षा सरस. अक्कांचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज नाही.

तेजलचे डोळे भरले होते. नियम मोडता येत नव्हता. ती नुसतीच जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, इथं कुणी नाही. शेतात आहात. मजूर पार दुसऱ्या टोकाला आहेत."

अक्कांनी डोळे मिटले. तलवार डोक्यावर नेली. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी नखं खात होतो, नाना काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक आशीर्वादच देत असावेत.

आणि मग तो आवाज आला.

"डिगंबऽऽऽर!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या हो! कागद धरणारी दोन्ही पोरं मागं सरकली. फाटलेले तुकडे त्यांच्या हातात लोंबत होते. बाहेर रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, कारण हे नाव आमच्यात कुणाचंच नव्हतं.

मागं खुर्ची पडली. पाटीलभाऊ ताडकन उठले होते. डबा एकीकडं, टोपी एकीकडं. "हो! आलो, आलो! काय झालं? लागलं का तुले?" असं म्हणत ते चपलांसकट मॅटवरून धावत आले आणि अक्कांसमोर धापा टाकत उभे राहिले.

सरांनी शांतपणे कागदावर पासची खूण केली. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अक्कांना विचारलं, "हे डिगंबर कोण?"

अक्कांचा हात खांद्याकडं गेला, तिथं नसलेला पदर ओढायला. मान खाली गेली. आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"आमचे हे."