उधाणाच्या पाण्यावर आलेला वड

आमच्या बोन्साय क्लबाची मुख्य मालमत्ता म्हणजे बेलापूरचा धक्का. ठाण्याच्या क्लबाकडे झाडं होती. पनवेलच्या क्लबाकडे माणसं होती, टेबलावर घालायच्या चादरी होत्या आणि उत्साह तर मोजता येणार नाही एवढा होता. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. पण आम्ही त्या दोघांच्या मधोमध खाडीकाठी बसलो होतो आणि मचवा लागेल असा दगडी धक्का आमच्या गावाला होता. शिवाय मी शाळेत मास्तर, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत दोन वर्गखोल्या मिळत. एवढ्या भांडवलावर मी क्लबाचा चिटणीस झालो. सभासद इतके थोडे होते की सगळ्यांना पदं वाटूनही एक पद उरलं. तेही मीच घेतलं. ते कसलं होतं हे आता आठवत नाही, आणि तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

हे साठच्या दशकाच्या शेवटाचं सांगतोय. आज जिला नवी मुंबई म्हणतात ती तेव्हा कोणाच्या तरी नकाशात होती. आमच्या डोळ्यांपुढे भाताची खाचरं, मिठागरं आणि ठाण्याच्या रस्त्याला उगवू लागलेले कारखाने. वडासारखं झाड उथळ कुंडीत लावायचं, त्याची मुळं छाटायची, फांद्यांना तार गुंडाळून वळण लावायचं आणि वर्षानुवर्षं ते गुडघ्याएवढंच ठेवायचं, हे गावात सांगितलं की ऐकणारा आधी झाडाकडे बघे आणि मग माझ्याकडे. एका शेजाऱ्यानं तर विचारलंही, ‘मास्तर, ह्यानं तुमचं काय वाईट केलंय?’

माझ्याकडे माझा स्वतःचा एक वड होता. मुंबईहून आणलेला. त्याची पानं इतकी बारीक की वडाची म्हणून कोणी ओळखू नये, आणि ते माझ्या छाटणीचं कसब आहे असं मी सभेत बऱ्याचदा सांगितलं होतं. सभासद ऐकून घेत.

तिन्ही क्लब आधी आपापलं प्रदर्शन भरवत. ठाण्यात झाडं उत्तम, पण बघायला कोणी नाही. पनवेलला माणसं गोळा होत, पण झाडं एवढी थोडी की सकाळी समोरून दाखवलेली झाडं दुपारी फिरवून पाठीमागून दाखवावी लागत. शेवटच्या वर्षी तिथे एक बकरी आत शिरली आणि एका उंबराची सगळी पानं खाऊन गेली. पानं अशीही आम्ही काढतोच, म्हणजे नवी फुटतात ती लहान फुटतात; त्यामुळे बकरीनं काम बरं केलंय असं मी म्हणालो. उंबराचा मालक माझ्याशी वर्षभर बोलला नाही.

मग ठरलं की तिघांनी मिळून वर्षाकाठी एकच प्रदर्शन भरवायचं, आणि ते बेलापूरला. रस्त्यानं आणली तर खड्ड्यांनी कुंड्या फुटत, फांद्या मोडत. खाडीतून आणली तर झाडं हलतसुद्धा नाहीत. ठाण्याचे अध्यक्ष मात्र मनातून तयार नव्हते. निवृत्त गृहस्थ, शिस्तीचे, आणि ज्या झाडासाठी प्रदर्शनाला यावं असं एकच झाड त्या सगळ्या भागात होतं ते त्यांचं: पारंब्या कुंडीतल्या मातीत उतरलेला, खोड घडीव दगडासारखं दिसणारा वड. पहिल्या वर्षी तो बेलापूरला आला तेव्हा बघायला आले आम्हीच. सगळ्यांनी एकमेकांची झाडं वाखाणली आणि घरी गेलो.

दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत ते शांतपणे म्हणाले, “या खेपेला माणसं आली नाहीत, तर माझी झाडं पुन्हा मचव्यात बसणार नाहीत.” ते निघाले की ठाणं निघणार, ठाणं निघालं की पनवेल चादरी घडी करणार, आणि मग मी उरणार आणि माझा धक्का. म्हणून मी उठलो आणि सांगून टाकलं की गर्दीची जबाबदारी माझी. ती कुठून आणायची याची मला कल्पना नव्हती.

आता तारीख. दोन्हीकडचे मचवे सारसोळ्याच्या एकाच कोळ्याचे. त्यानं सरळ सांगितलं, “पुनवेला पानी पार धक्क्याला लागतं. एरवी आलाव तर झाडं डोक्यावर घेऊन चिखलात उतरा.” म्हणजे पौर्णिमा हवी. वैशाखातली नको, ऊन झाडांना जाळतं, असं ठाण्याचं म्हणणं. आषाढातली नको, शाळा सुरू होते, असं मुख्याध्यापकांचं. राहिली ज्येष्ठातली. पाऊस आला तर मचवा येईल का, हे तेवढं विचारलं. “आला तर भिजू,” कोळी म्हणाला. तिन्ही क्लबांतल्या एवढ्या शिकलेल्या, बायकामुलं असलेल्या पुरुषांनी ती तारीख एकमतानं मंजूर केली. तो कोळी सोडला तर आम्हा कोणाला पौर्णिमा म्हणजे काय होतं हे माहीत नव्हतं, आणि त्याच्या लेखी पौर्णिमा म्हणजे पाणी.

घरी आल्यावर बायकोला तारीख सांगितली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर तसं फार वेळा पाहिलं नसेल. “वड येणार ना नक्की?” तिनं विचारलं. म्हटलं, अगं, ठाण्याचा खासा वड येणार. ती तडक शेजारी गेली. तिला बोन्सायची गोडी लागली असं समजून मी खूष झालो. पुढचे दिवस ती कोणाकोणाकडे जात होती आणि मी ‘छाटणीची तत्त्वे’ या विषयावरचं भाषण पाठ करत होतो.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. पौर्णिमेला भर दुपारी, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलेलं असताना, दोन्हीकडचे मचवे लागले. मी धक्क्यावर गेलो आणि बघतो तर गावातल्या बायका उभ्या. नुसत्या उभ्या नाहीत. ठेवणीतली लुगडी, केसांत गजरे, हातात ताटं. ताटांत आंबे, फणसाचे गरे. मला गहिवरून आलं. प्रदर्शनाचं असं स्वागत मुंबईतसुद्धा झालं नसेल. एका दगडावर चढून मी भाषण सुरू केलं. ही कला जपानातून कशी आली इथपासून. त्यांनी ऐकून घेतलं. उपाशीपोटी, उन्हात, ताटं हातात धरून. मी मुळांच्या छाटणीवर आलो तेव्हा पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, ते ऱ्हाऊ द्या. वड कंचा?”

हा प्रश्न मला कोणी तरी विचारावा म्हणून मी कित्येक वर्षं जगत होतो. मी त्या सगळ्यांना वर्गात नेऊन थेट माझ्या झाडापुढे उभं केलं. म्हातारीनं वाकून पाहिलं, एक पान बोटानं उलटवलं.

“ह्यो वड नाय.”

मी हसलो. म्हटलं, बारीक पान आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतं, ते छाटणीचं कसब आहे.

“नांदरूक हाय ह्यो,” ती म्हणाली. “वडाच्या पानाची पत्रावळ होते. ह्याच्यावं सुपारी पन ऱ्हायची नाय.”

मी मदतीसाठी पनवेलच्या चिटणीसाकडे पाहिलं. तो छताची कौलं बघत होता. आमच्या क्लबाचे खजिनदार एकाएकी चादरीची सुरकुती काढू लागले. त्या क्षणी मला कळलं की हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंतर मी पनवेलकराला गाठून जाब विचारला, तर तो म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्हालाही माहीत आहे, आणि तुम्ही मोठ्या धीरानं रेटून नेताय.

तोवर बायका पुढच्या टेबलाकडे वळल्या होत्या. ठाण्याचा वड त्यांना दाखवावा लागला नाही. म्हातारी त्याच्यासमोर थांबली, तिनं कमरेच्या पिशवीतून सुताची गुंडी काढली आणि अध्यक्ष दोन्ही हात पसरून झाडापुढे आडवे झाले. त्यांच्या डोक्यामागे पाटी होती: कृपया हात लावू नये. मला अजूनही काही कळत नव्हतं. दारात बायको उभी होती, तिच्या हातातही ताट. तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, हे काय चाललंय?

“अहो, वटपौर्णिमा आज.”

मी तिच्या ताटाकडे पाहिलं.

“मारुतीच्या मागचा वड रस्त्यासाठी पाडला तेव्हापासून गावाला वड आहे कुठे? गेल्या वर्षी फांद्या आणून पुजल्या. तुम्ही एवढं ध्यानात ठेवून आजचाच दिवस धरलात, म्हणून तर मी सगळ्यांना सांगितलं.” मग तिला शंका आली असावी. “मुद्दामच धरलात ना?”

“हो तर,” मी म्हणालो.

म्हणजे गर्दी आली ती माझ्यामुळे, पण मला न कळता. आणि ती आली वडासाठी, पण प्रदर्शनासाठी नाही. याचं यश मानायचं की काय, हे ठरवायला वेळ नव्हता. समोर अध्यक्ष आणि म्हातारी यांचं चाललं होतं. सूत खोडाभोवती आवळलं की सालीत रुततं, हळदकुंकवानं मुळं कुजतात, हे झाड पूजेचं नाही, असं ते समजावत होते. वर्गातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. अध्यक्षांनी मचवा परत फिरवला असता तर गावही बिनवडाचं राहिलं असतं आणि आमचं प्रदर्शनही संपलं असतं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग वडाच्या एका फांदीकडे बोट केलं. तिथं अध्यक्षांनीच गुंडाळलेली तांब्याची तार होती.

“तार चालते, बाबा. दोरा नाय चालत?”

अध्यक्षांनी तारेकडे पाहिलं. मी काहीतरी मध्यस्थी करणार तेवढ्यात बायको पुढे आली नि म्हणाली, सूत टेबलाभोवती गुंडाळू, झाडाला बोटही लागायला नको. हळदकुंकू कुंडीसमोर चादरीवर वाहू. पनवेलकर ‘आमची चादर’ असं काहीतरी पुटपुटला, तेवढंच.

म्हातारीनं मान डोलावली. अध्यक्षांनीही डोलावली, पण झाडापासून ते हलले नाहीत; तेवढा विश्वास नव्हता. टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतलं, ते टेबलाला टेकून उभे राहिले, आणि फेऱ्या सुरू झाल्या. सूत टेबलाभोवती फिरलं आणि अध्यक्षांभोवतीही. एक बाई झाली, दुसरी झाली. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाय उचलला.

“बाबा, हालू नको,” म्हातारी म्हणाली. “दोरा तुटंल.”

ते हलले नाहीत. रांग दारातून पार व्हरांड्यापर्यंत गेली होती. बायका येत, फेऱ्या घालत, वडाला हात जोडत, आणि आंबा ठेवायला चादरीवर जागा उरली नाही तेव्हा तो अध्यक्षांच्या हातात देत. पाटीवर ‘हात लावू नये’ लिहिणारा तो करारी माणूस छातीशी आंबे धरून सुताच्या कुंपणात उभा होता आणि ओळीनं येणारे नमस्कार त्याच्या अंगावरून वडाकडे जात होते. त्यांनी आधी मान फिरवून बघितली, मग खाली घातली, मग शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून असेल, प्रत्येकीला ‘सुखी राहा’ म्हणू लागले.

पूजा उरकल्यावर बायका सावलीला म्हणून वर्गातच रेंगाळल्या आणि बाकीची झाडं बघू लागल्या. माझ्या आयुष्यात झाडांवर एवढी चर्चा मी ऐकली नव्हती. पनवेलच्या चिंचेला चिंचा धरतात का? धरल्या तर केवढ्या? एकीनं उंबराच्या मालकाला सांगितलं की याला खायला घाला जरा, आणि तो बकरीचा विषय न काढता तिला खताबद्दल सांगत बसला.

संध्याकाळी अध्यक्षांना बाहेर काढायचा प्रश्न आला. सूत आज तोडायचं नाही, बायकोनं बजावलं होतं. शेवटी ते टेबलाखालून, सुताच्या खालच्या वेढ्यातून, दोन्ही हातांवर रांगत बाहेर आले. मी हात द्यायला वाकलो तर माझं डोकं टेबलाला आपटलं आणि वरून एक आंबा त्यांच्या पाठीवर पडला. त्यांनी तो उचलून परत टेबलावर ठेवला. मी मनात क्लब बुडवून मोकळा झालो.

रात्रभर वाद. पनवेलचं म्हणणं, ही काही बोन्सायची रसिकता नव्हे, लोक धर्मासाठी आले. आमच्या खजिनदारांचं म्हणणं, लोक आले ना? पनवेलचं म्हणणं, मग सगळे आंबे ठाण्याच्याच वडापुढे का? पुढच्या वर्षी आम्हीही वड आणणार. मी दोन्ही बाजूंना होकार देत होतो, कारण मला दोन्ही पटत होत्या.

दुसऱ्या दिवशी भरतीला मचवा लागला. अध्यक्षांनी वडाची कुंडी स्वतः उचलून नेली, कोळ्याला ती कुठे ठेवायची ते सांगितलं, आणि मग धक्क्यावर माझ्याजवळ आले. पुढच्या वर्षी याल का, हे विचारायचं धैर्य नव्हतं.

“ती माणसं प्रदर्शन बघायला आलेली नव्हती,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो.

“पण आली.” ते मचव्याकडे वळले. मग मचव्यात उतरता उतरता म्हणाले, “पुढच्या वर्षी टेबल मोठं घ्या. आत खुर्ची मावली पाहिजे.”

मचवा लांब गेल्यावर मी वर्गात परतलो. सगळी टेबलं रिकामी झाली होती, फक्त कोपऱ्यात माझा नांदरूक होता. त्याच्यापुढे कोणीतरी अर्धा आंबा ठेवला होता. कोणी आणि काय समजून, ते बायकोला विचारलं, तर म्हणाली, मला काय ठाऊक. मी तो खाल्ला.