फॉगलॅम्प आणि आईची घासणी

दसऱ्यापासून आईने माझ्या गाडीत पाय ठेवला नव्हता. का म्हणून विचारलं की म्हणायची, "मला गाडी लागते." नऊ वर्षं ही बाई याच गाडीत पुढच्या सीटवर बसून शेंगदाणे खात खोपोलीपर्यंत गेली, तेव्हा तिला गाडी लागली नाही.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करते. पहिल्या वर्षी तिने बॉनेटला हळदी-कुंकू लावलं, तर मी रंगाला डाग पडतो म्हणून आरडाओरडा केला. तेव्हापासून ती गाडीपुढे पाट टाकून बसते आणि खाली बंपरमधल्या दोन फॉगलॅम्पना, म्हणजे धुक्यातल्या दिव्यांना, हळदी-कुंकवाची बोटं लावते. म्हणते, ज्या दिव्याने वाट दिसते त्याला पहिला मान. आई आत गेली की मी ते पुसून काढायचो. मला गाडी स्वच्छ लागते. हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

या दसऱ्याला पाहुणे आले होते. त्यांच्यातला एकजण म्हणाला, तुमचे खालचे दिवे पार आंधळे झालेत की. मी लगेच आईकडे हात केला. म्हटलं, "ही बघा आमची मातोश्री. हळदी-कुंकू फासून फासून काचा घालवल्या. आता नवे आणायला लागणार." पाहुणे हसले. आई कुंकवाचा करंडा उचलून आत गेली आणि त्या दिवसापासून तिला गाडी लागायला लागली.

मीही काही कमी नाही. नाही बसायचं तर नको बसू, म्हटलं. वडिलांनी या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवून शेताचा रस्ता धरला.

असे तीन महिने गेले. मग लोधिवलीच्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला सकाळी आठला पनवेलच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं आणि आईशिवाय ती आत पाऊल टाकणार नव्हती. म्हणजे आईला आमच्या कोंडाणे गावातून पहाटेच निघायला हवं. थंडीत आमच्याकडे नदीवरून असं धुकं चढतं की अंगणातून गोठा दिसत नाही. आईने जाहीर केलं, "मी टमटमनं कर्जतला जाईन, तिथून एसटीनं." सत्तरीची बाई, गुडघे मावशीपेक्षा वाईट. मला रात्रभर झोप नाही. मी काय सांगणार होतो तिला, माझ्याच गाडीतून चल म्हणून? तोंड होतं का मला?

तोंड नव्हतं, म्हणून मी दिवे आणले. माझा हिशोब असा की नवे दिवे बसवावेत, गाडी दारात उभी करावी, आणि आई आपणहून बसेल.

मावशीकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कामाला बसलो. शेजारचे काका एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. ते खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायला आले. मी चाक पूर्ण वळवलं, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा काढल्या. त्यातली एक तुटली. काका म्हणाले, "एक तुटतीच." मग हात कोपरापर्यंत आत घालून वायरचा कनेक्टर चाचपून सोडवला, स्क्रू काढले, आणि जुना दिवा हातात आला.

काकांनी तो उन्हात धरला. मग मला म्हणाले, "ही काच कोणी घासली रं?"

म्हटलं, "घासली नाही काका, हळदी-कुंकवाने गेली."

"डोंबल तुझं. हितं बघ." काचेची कड बंपरच्या चौकटीखाली झाकलेली असते. तिथे इतक्या वर्षांची हळद थिजून बसली होती. काकांनी थुंकी लावून बोट फिरवलं. हळद निघाली आणि खाली काच नवीकोरी, आरपार. मधल्या भागावर मात्र गोल गोल ओरखडे. "हळदीनं काय झालं नाय. हे घासणीचं काम हाय."

घासणी मीच वापरायचो. मोरीतली हिरवी, भांड्यांची. कुंकू नुसत्या फडक्याने निघत नाही ना.

मी दुसरा दिवा काढला. तोही तसाच. नवे दोन्ही बसवले, लावून पाहिले, काकांना चहा दिला आणि काका गेले. मग तो जुना दिवा हातात घेऊन मी ओट्यावर आईशेजारी जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आई, काच मी घासली. तुझ्या कुंकवाने नाही गेली."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"तुला कसं?"

"माझीच घासणी न्यायचास दर दसऱ्याला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

तेव्हा कुठे तिने मान वर केली. "पाव्हण्यांच्या म्होरं तुझं तोंड पाडू का?"

मी उठून उगाच गाडी धुतली. धुतलेलीच होती.

पहाटे साडेपाचला मी गाडी सुरू करून दारात आणली. धुकं होतंच. नव्या दिव्यांनी तुळशीपासून फाटकापर्यंतची वाट दिसत होती. आई बाहेर आली, नेसूचं चांगलं लुगडं, खांद्याला पिशवी. टमटमकडे जाणार की इकडे येणार, मी आरशातून बघत होतो. ती गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली. पिशवीतून करंडा काढला. मी खाली उतरलो.

"लावू का रं?" तिने विचारलं.

माझी पन्नाशी आली. इतक्या वर्षांत या बाईने मला कशाचीच परवानगी विचारली नव्हती. मला मारलं, शाळेत घातलं, माझं लग्न ठरवलं, सगळं न विचारता. आणि आता दोन बोटं कुंकवासाठी करंडा हातात धरून माझ्या होकाराची वाट बघत उभी होती.

"लाव," म्हटलं.

ती वाकली, गुडघ्यावर हात टेकून, आणि काच सोडून बाजूच्या काळ्या प्लास्टिकवर बोट नेलं.

"तिथे नको. काचेला लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हळद, मग कुंकू, दोन्ही दिव्यांच्या काचांवर मधोमध लावलं. बोटाला उरलेलं कुंकू पदराला पुसलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

चौकच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी विचारलं, "गाडी लागत नाही ना?"

"म्होरं बघून चालव," आई म्हणाली, आणि पिशवीतून शेंगदाणे काढले.