गाळलेला परिच्छेद

मी सूर्यावर पोट भरते. आधी दिल्लीतल्या एका ऊर्जाविषयक मासिकात लिहीत होते, आता नोएडातल्या एका सोलर कंपनीत माहितीपत्रकं आणि ग्राहकांसाठीच्या सूचना लिहिते. नवऱ्याच्या मते फरक एवढाच, की पूर्वी मला चुका काढायचा पगार मिळायचा, आता झाकायचा मिळतो. हा विनोद मला आवडत नाही, कारण तो अर्धा खरा आहे.

मागच्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी छपरावरच्या सोलरबद्दल लेख दिला. पान एकच, त्यात माझा फोटोही हवा होता. लेख लांबला म्हणून मी एक परिच्छेद गाळला. बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद होतं, ऊन कितीही असो, असं त्यात होतं. ते मुद्दामच तसं बनवतात. नाहीतर छपरावरची वीज उलटी तारेत शिरून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेईल. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणूनच गाळलं. शेवटचं वाक्य मात्र ठेवलं: ‘डोक्यावर सूर्य असताना वीज जाण्याची चिंता कसली?’ वाक्य जमलं होतं आणि मला फार आवडलं होतं.

गाझियाबादेत आमच्या सोसायटीसमोरच्या गल्लीत मंडळातले एक काका राहतात. सारी नोकरी केंद्र सरकारात, सारा संसार दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि निवृत्तीनंतर हे स्वतःचं घर. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची फाइल असते. काकूंची फुप्फुसं थकलेली. हवेतून ऑक्सिजन काढून नळीने देणारं मशीन त्यांच्या खाटेशी सतत चालू लागतं. काकांनी माझा लेख वाचला, छपरावर पॅनल बसवले आणि आता कशाला अडगळ म्हणून जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारवाल्याला दिला. थंडीत वीज गेली ती रात्रीच, थोडा वेळ; तेवढं घरातल्या छोट्या सिलिंडरवर भागलं. पॅनलचं मला कळलं होतं, घरी पेढेही आले होते. बॅटरीचं मी विचारलं नाही.

मेमधल्या एका दुपारी मी घरून काम करत होते. वीज गेली, आमच्या सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागला आणि काकांचा फोन आला.

“बेटा, जरा सांग. ऊन तर बिल्कुल कडक आहे, मग काकूचं मशीन बंद का पडलं? पॅनलवर धूळ असेल?”

“काका, इन्व्हर्टरवर घ्या.”

“तो तर दिवाळीनंतरच काढून टाकला. तूच लिहिलं होतंस ना.”

मी तशीच त्यांच्या घराकडे धावले. पायांत कोणाच्या चपला घातल्या तेही मी पाहिलं नाही.

दार उघडंच होतं. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, अडीअडचणीला ठेवलेल्या छोट्या सिलिंडरची नळी नाकाला. त्याच्या तबकडीवरचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. काका कुठे म्हणून विचारलं, तर त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

गच्चीवर भर उन्हात काका ओल्या फडक्याने पॅनल पुसत होते. दोन ओळी लख्ख झाल्या होत्या.

“एवढी एक राहिली,” ते म्हणाले. “साफ झाली की येईल.”

“नाही येणार. लाइट गेली की हे बंदच होतं, कितीही पुसा.”

“अच्छा? पण लेखात तर...”

“लेखात मी ते लिहिलं नाही. चला, आधी काकूंना हलवू.”

मी हे जवळजवळ ओरडून बोलले. खरं तर मला त्यांचाच राग आला होता, धूळ पुसत बसले म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मशीन गाडीच्या डिकीत टाकलं, काकूंना मागे बसवलं, सिलिंडर माझ्या मांडीवर. दोन मिनिटांचा रस्ता, आणि काकांनी सवयीने वळणावर इंडिकेटर दिला. आमच्या गेटाशी सिलिंडरची फसफस थांबली. काकूंनी माझं मनगट धरलं.

गार्डने तळमजल्यावरचा हॉल उघडला. पहिल्या सॉकेटला करंट नव्हता. दुसऱ्यात प्लग बसेना. तिसरं स्टेजमागे, गणपतीत रोषणाई लावतो तिथे. मी गुडघ्यांवर रांगत गेले, प्लग खुपसला. मशीनने एक शिट्टी दिली आणि सुरू झालं. काकूंची छाती भात्यासारखी हलत होती. ती सावकाश होईपर्यंत आम्ही दोघं नुसते त्यांच्याकडे बघत उभे होतो.

खिडकीबाहेर जनरेटर काळा धूर सोडत होता. त्याला मी छापील आणि तोंडी भरपूर शिव्या घातल्या आहेत. त्या दुपारी त्याचं डिझेल संपू नये म्हणून मी देवाचा धावा करत होते. तीन तासांनी वीज आली.

चार दिवसांनी काकांकडे नवी बॅटरी बसली. मी स्वतः उभी राहून बसवून घेतली, मेन स्विच पाडून मशीन चालतं का तेही पाहिलं. मग काकांनी ‘सोलर’ नावाची फाइल काढली. पहिल्याच पानावर माझा लेख चिकटवलेला, फोटोसकट, आणि शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन पुढे केलं.

“जे राहिलं ते समासात लिही. आणि सही कर. फाइल पूर्ण पाहिजे.”

मी लिहिलं: बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर हे सोलरही बंद पडतं. खाली सही केली, तारीख घातली. काकांनी त्याखाली ‘पाहिले’ लिहिलं आणि फाइल मिटायला घेतली.

“मला दाखवा,” काकू खाटेवरून म्हणाल्या.

चष्मा लावून, नाकातली नळी सारखी करत त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

“एवढंच होतं?”

मी हो म्हणाले.