आज मांडणी आपोआप वाजली

मैत्रिणींनो, आज दुपारी सावनेरला भूकंपाचा हलका धक्का बसला. आता सगळे सांगतील, घाबरू नका, आपला भाग कमी धोक्याचा आहे. हे मी लग्नापासून ऐकतेय.

माझं माहेर पाटणचं. कोयनेच्या भूकंपात घराची भिंत आईवर पडली, ती गेली. तेव्हा मी शाळकरी होते. सत्याहत्तर साली लग्न होऊन इथे आले.

घरी पाहुणे आले की नवरा गुपचूप स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी हलवायचा. भांडी वाजली की मी तान्ह्या पोरीला उचलून अंगणात धावायचे आणि बैठकीतले सगळे हसून हसून लोळायचे. "अवं पागल, आमच्या नागपूरकडे भूकंप येत नाही!" पुढे तर पाहुणेच फर्माईश करायचे, "वहिनीले पळव ना गा."

आज मांडणी आपोआप वाजली. शेजारीपाजारी रस्त्यावर पळाले. नवरा लकव्यामुळे खाटेवरच असतो. तो ओरडला, "अवं, मले बाहेर ने वं! घर पडून राहिलं!"

मी त्याच्या उशाशी बसले. म्हटलं, "तुमच्या नागपूरकडे भूकंप येत नाही."

धक्का थांबला. त्याने घाम पुसला, डोळे मिटले.

मग मी खाट दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली. तो किंचाळला.

खरं सांगते, मला हसू आलं. तुम्हाला?