लवकर सुट्टी

सुधारणेवर आमच्या दाजींइतका जीव टाकणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि सुधारणेने इतका तोंडघशी पाडलेला माणूसही दुसरा नसेल. नात्याने ते माझे साडू, थोरल्या मेहुणीचे यजमान. पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि आता तर तेलगावच्या माझ्या शाळेतला शिपाईसुद्धा त्यांना दाजीच म्हणतो. मूळचे नांदूरघाटचे. पुण्याला जाऊन त्यांनी दवाखाना चालवण्याचं शिक्षण घेतलं. डॉक्टरकीचं नव्हे, चालवण्याचं. हा फरक आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळला नाही. ‘म्हंजे सुई न्हाई टोचायची, नुसतं बघायचं? आन त्याचा पगार देत्यात?’ असं ते दर दिवाळीला विचारायचे, आणि दाजी दर दिवाळीला तितक्याच उत्साहाने त्यांना समजावून सांगायचे.

दाजींचं कुठलंही वाक्य ‘संशोधन सांगतं’ यानेच सुरू होई. देशोदेशीच्या दवाखान्यांत काय काय चाललंय ते मोबाइलवर वाचायचं आणि जे वाचलं ते संध्याकाळच्या आत कुणावर तरी करून बघायचं, हा त्यांचा नेम. दवाखान्यात रोगी कमी पडले तर घरची माणसं होतीच. गंभीर रोगी आधी, साधे नंतर, हे तत्त्व त्यांनी ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, फ्रिजला लावलं आणि भाज्यांवर लाल, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या डकवल्या. लाल म्हणजे आज रात्रीच शिजवा. आठवडाभर त्या घरात मरणाला टेकलेली वांगीच तेवढी खाल्ली गेली, कारण ताज्या मेथीची पाळी येईपर्यंत तीही लाल होत असे. मग रोज सकाळी घरातल्या सगळ्यांनी उभ्याने बैठक घ्यायची टूम निघाली. संशोधन सांगतं, उभ्याने घेतलेली बैठक लवकर संपते. ताई म्हणाली, ‘मी पहाटंपासून उभीच हाय. माझी बैठक कवा संपंल तेवढं विचारा तुमच्या संशोधनाला.’ आमच्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी पंगत उठल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात कागद दिला. त्यावर तीन चेहरे, हसरा, मख्ख आणि रडका. जेवण कसं होतं त्यावर खूण करा म्हणाले. एका चुलत्यांनी रडक्यावर खूण केली. जेवण उत्तम झालं होतं, पण पोरगी सासरी जाताना हसऱ्यावर खूण करणं त्यांना बरं दिसेना. दाजींनी आचाऱ्याला बाजूला घेऊन अर्धा तास झापलं.

माजलगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ते व्यवस्थापक होते. खोटं कशाला बोलू, त्यांनी तो दवाखाना माणसांत आणला. पूर्वी तिथे रोग्याला खाटेच्या नंबराने हाक मारत. दाजींनी खाटेच्या पायथ्याशी नावाच्या पाट्या लावल्या. डॉक्टरांनी हात धुतल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू नये म्हणून ते स्वतः दाराशी साबण घेऊन उभे राहत. डॉक्टर चिडत, पण धूत. रोग्याजवळच्या माणसाला टेकायला बाकडं आलं, प्यायचं पाणी गार आलं, रात्री वॉर्डातले मोठे दिवे मालवले जाऊ लागले. हे सगळं त्यांनी भांडून आणलं आणि एवढं सगळं करूनही त्यांचं एकच रडगाणं असायचं, की लोक दवाखान्यात पडून फार राहतात.

त्यावर त्यांना औषध सापडलं. संशोधन सांगतं, ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं तर तो लवकर बरा होतो आणि लवकर घरी जातो. हे खरंच आहे, डॉक्टरही तसंच म्हणतात. दवाखान्यातून घरी सोडतात त्याला आमच्याकडे सुट्टी म्हणतात, म्हणून दाजींनी योजनेचं नाव ठेवलं ‘लवकर सुट्टी’. वॉर्डापासून गेटापर्यंत फरशीवर पिवळी पावलं चिकटवली. गौरी येतात तशी, फक्त उलटी, बाहेर जाणारी. गणपतीनंतर योजना सुरू झाली, आणि दसऱ्यापासून जो काही चमत्कार झाला म्हणता! बाया टाक्यांवर हात धरून पावलांवरून चालू लागल्या. पुरुष चालू लागले. सलाइनची सुई हातात असताना माणसं विचारू लागली, ‘सायेब, सुट्टी कवा?’ दिवाळीपर्यंत अर्ध्या खाटा रिकाम्या झाल्या. दाजींनी त्यावर निबंध लिहिला, पुण्याच्या कुठल्याशा परिषदेत वाचला, शाल-श्रीफळ घेऊन आले.

तो निबंध त्यांनी मला आधी वाचून दाखवला होता. मी मास्तर माणूस. दसऱ्यानंतर माझे वर्गही असेच रिकामे होतात, पण म्हणून मला कुणी शाल देत नाही. म्हटलं, ‘दाजी, दसऱ्याला टोळ्या ऊसतोडीला निघतात. लोक बरे होऊन गेले, का ट्रॅक्टर गाठायला गेले?’ दाजी माझ्याकडे कीव केल्यासारखं हसले. ‘गुरुजी, संशोधनात याला बाह्य घटक म्हणतात. तो धरायचा नसतो.’

पुढे दवाखान्याच्या अध्यक्षांना हौस आली, की बऱ्या झालेल्या रोग्याचा व्हिडिओ करून तो वार्षिक सभेत दाखवावा. अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. दवाखाना त्यांचा, साखर कारखान्यातही त्यांचाच शब्द चाले. दाजींनी मंगल नावाच्या बाईची निवड केली. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, पावलांवरून सगळ्यांत झपाट्याने चाललेली तीच. तिची मुलगी माझ्या वर्गात, म्हणून दाजींनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं. घरी फक्त सासू होती. मंगलचं दुखणं लक्षात घेऊन नवऱ्याने सांगलीकडची लांबची टोळी सोडून माजलगावच्याच कारखान्याची धरलीय, असं तिने सांगितलं. तिच्या मते पोरगा बायकोला लई जपत होता.

आम्ही फडात पोचलो तेव्हा मंगल उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढत होती. पोटाला जुनं लुगडं घट्ट आवळलेलं. मोळी टाकून खाली आली, दाजींना ओळखलं, पदर सावरला आणि तोंडभर हसली.

‘सायेब, तुमी हितं कावून?’

दाजींनी मोबाइल धरला आणि ठरलेला प्रश्न विचारला. आमच्या दवाखान्याची सेवा कशी वाटली?

‘लई चांगला दवाखाना,’ मंगल म्हणाली. ‘दुसरीकडं झोपवून ठेवत्यात निस्तं. तुमी दुसऱ्या दिशी चालवलं, चौथ्या दिशी सुट्टी दिली. म्हणून तर टोळी घावली. न्हाईतर आमी मागंच राहिलो असतो.’

‘टाके कुणी काढले?’

‘जावंनं. ब्लेडनं.’

‘दुखतं का आता?’

‘मोळी उचलताना दुखतंय. एरवी न्हाई.’

‘मग उचलू नका ना अजून महिनाभर,’ दाजी म्हणाले. त्यावर तिचा नवरा हातातला कोयता न थांबवता म्हणाला, ‘सायेब, नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. अर्धा कोयता कोन घेत न्हाई.’ मंगलला गाडीवरून हाक आली आणि ती पुढची मोळी बांधायला गेली. दाजींनी मोबाइल खिशात घातला. परतीच्या वाटेवर संशोधन काय सांगतं हे मी विचारलं नाही.

तो व्हिडिओ सभेत लागला. ‘लई चांगला दवाखाना’पासून ‘सुट्टी दिली’पर्यंतच. टोळी, ब्लेड, मोळी कापून टाकलेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दाजी उठून म्हणाले, योजनेत एक बदल करू, सुट्टी झालेला माणूस जातो कुठं तेही बघू. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘गेटाच्या आतलं तुमचं, बाहेरचं आमचं. बसा.’ लोकांना तो विनोद वाटला.

मला संताप याचा येतो, की दाजी बसले नाहीत. बसले असते तर आज नोकरीवर असते. पुढच्या गणपतीनंतर त्यांनी फरशीवरची पावलं स्वतः गुडघ्यांवर बसून खरवडून काढली आणि ऑपरेशन झालेल्या बायांची सुट्टी अडवून धरायला लागले. प्रत्येकीला विचारत, घरी जाऊन आराम करणार ना? जी ती शपथेवर सांगे, आरामच करणार. त्यांच्या डोळ्यांतली घाई दाजींना आता वाचता येत होती. मग नवरे भांडायला येऊ लागले. ‘बिल वाढवायला बाया डांबून ठिवतोय का बे?’ असं एकाने त्यांना वॉर्डात सगळ्यांदेखत विचारलं. ज्यांच्यासाठी हा माणूस झगडत होता त्यांनीच त्याची गचांडी धरली, आणि अध्यक्षांनी नवरात्रात त्यांना घरी बसवलं. कारण काय दिलं? रोग्यांचा मुक्काम वाढला. दाजींच्याच निबंधातला तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. आता तिथे नवीन पोरगा आलाय आणि फरशीवर नवी पावलं आहेत, या खेपेला हिरवी.

दसऱ्यानंतर मंगलची मुलगी शाळेत दाखला मागायला आली आणि सहज बोलून गेली, की आईच्या पोटाला टाक्यापाशी गोळा आलाय. मी दाजींना कळवलं. त्याच संध्याकाळी ते नांदूरघाटहून निघून आले. आम्ही मंगलच्या दारी गेलो तेव्हा ट्रॅक्टर लागलेला होता. भांडी, पत्रे, शेरडू वर चढत होतं. गोळा म्हणजे हर्निया हे दाजींना न बघता कळलं. ते तिला विनवू लागले. आत्ता ऑपरेशन करून घ्या, आतडं अडकलं तर जिवावर बेतंल, मी सरकारी दवाखान्यात सोबत येतो, तुमच्यापाशी बसून राहतो.

मंगलने शांतपणे ऐकून घेतलं. ‘केलं असतं, सायेब,’ ती म्हणाली. ‘तुमी तितं असता तर आजच आले असते. तुमी चौथ्या दिशी सोडलं असतं. आता तुमी न्हाईत. कोन सोडंल मला लवकर? गुढीपाडव्याला माघारी आलो की करू.’

येताना दाजींनी औषधाच्या दुकानातून पोटाला बांधायचा पट्टा आणला होता. तो त्यांनी तिच्या नवऱ्याच्या हातात दिला आणि कसा बांधायचा ते स्वतःच्या सदऱ्यावर बांधून दाखवलं. नवऱ्याने मान डोलावली. मंगल पोट एका हाताने सावरत ट्रॉलीत चढली, वरून तिने आम्हा दोघांना नमस्कार केला आणि ट्रॅक्टर हलला.

धूळ खाली बसेपर्यंत दाजी रस्त्यावर उभे होते. मी मोटारसायकल वळवून जवळ आणली तरी बसेनात.

‘गुरुजी,’ ते म्हणाले, ‘पाडवा यंदा कवा हाय?’

‘लांब हाय, दाजी,’ मी म्हणालो.