उकळलेलं इंजिन आणि न भाजलेला हात

पस्तीस वर्षांच्या नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बहुतेकांमधली माणसंसुद्धा मी विसरलो, पण नळदुर्गच्या पुढच्या चढावरची ती लॉरी आजही जशीच्या तशी आठवते.

निजामाच्या राजवटीतली, महायुद्धाच्या काळातली गोष्ट. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. दप्तर सगळं उर्दूत, जवान सहा, त्यातले दोन कायम रजेवर. कापडावर कंट्रोल होता आणि चोरट्या बाजारात लुगड्याला सोन्याचा भाव होता.

एका दुपारी मुरुमचा एक लॉरीमालक ठाण्यात आला. सोलापुराहून कापडाच्या गाठी आणताना त्याला लुटलं होतं. फिर्याद त्यानं सरळ, न अडखळता सांगितली. चढावर इंजिन उकळलं, वाफेचे लोट निघाले. त्यानं लॉरी थांबवली, हातानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि शेजारच्या विहिरीचं घागरभर गार पाणी लगेच आत ओतलं. तेवढ्यात तोंडाला फडकी बांधलेले चौघे आले आणि गाठी बैलगाडीत घालून घेऊन गेले. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरची चिठ्ठी त्याच्याजवळ होती, म्हणजे हद्द ओलांडेपर्यंत माल लॉरीत होता यात शंका नव्हती. चौघांतल्या एकाला त्यानं आवाजावरून ओळखलं होतं. तो त्याचा जुना ड्रायव्हर. महिन्यापूर्वी भांडून काम सोडून गेलेला.

संध्याकाळपर्यंत बाजारातून खबरही आली. ड्रायव्हर हॉटेलात चारचौघांत म्हणाला होता, "गाडी कवातरी चढावर बसंल, तवा मालकाला माझी याद येईल." मला आणखी काय हवं होतं? धमकी होती, वैर होतं, ओळख पटली होती. मी त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून आणलं.

पंचावन्नच्या पुढचा माणूस. सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. मी मात्र पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणालो. वर्दीची गुर्मी, दुसरं काय! गाठी कुठं लपवल्यास, जोडीदार कोण, एवढंच मी पुन्हा पुन्हा दरडावत होतो. त्याला घाम फुटला, आवाज चढला.

"म्या चोर न्हाय साहेब! वीस वरसं गाडी हाकली, कुणाच्या सुतळीला हात लावला न्हाय. चोरीचा डाग लागला तर उद्या कोण माझ्या हाती गाडी दील? दुसरं काय येतंय मला?"

मी रोजनाम्यात लिहिलं, 'संशयित घाबरलेला व चिडलेला.' मालक मात्र बाकावर बसून शांतपणे चहा पीत होता. मला तो खरा वाटला. चाचा दोन रात्री हवालातीत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जबानीआधी जमादारानं नियमाप्रमाणे त्याला फिर्याद वाचून दाखवली. झाकण उघडून पाणी ओतल्याच्या ओळीशी चाचा एकदम हसायला लागला. मला राग आला. हसायला काय झालं, म्हणून मी ओरडलो.

"साहेब, मालकाचा हात बघा. उकळत्या गाडीचं झाकण उघडलं की वाफ तोंडावर येती, मनगटापातूर कातडं सोलून निघतं. एक तरी फोड हाय का? अन् तापल्या इंजिनात गार पाणी वतलं तर लोखंड तडकतं. त्यांचं इंजिन तर बाहेर धडधाकट उभं हाय."

हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. मग इंजिन किती तापलेलं चालतं, असं मी विचारलं.

"गरम असायलाच पायजे. गार इंजिन पेट्रोल लई पितं अन् वढत न्हाय. समोरचा गरमीचा काटा मधोमध उभा ऱ्हायला की तब्येत बरी समजायची. चढावर जरा वर सरकतो, उताराला परत येतो. तांबड्याला भिडला तरच थांबायचं. अन् थांबलं तरी झाकणाला हात लावायचा न्हाय. वलं पोतं टाकायचं, बिडी वढायची, भडभड थांबली की फडक्यानं झाकण सैल करायचं. मग इंजिन चालू ठिवून बारीक धार सोडायची."

मी लॉरीत ज्वारीची पोती भरायला लावली, गाठींच्या वजनाइतकी. ऐन दुपारी त्याच चढाला निघालो. चाचा चालवायला, मधे मालक, कडेला मी. अर्ध्या चढावर काटा मधून जरासा वर सरकला. मालकानं चाचाचा दंड धरला.

"थांबव, थांबव! उकळली बघ! पाणी घाल!"

मी विचारलं, "त्या दिवशी उकळली तेव्हा काटा कुठं होता?"

"इथंच की, अमीनसाहेब."

चाचानं लॉरी थांबवली नाही. माथ्यावर पोचलो तरी वाफेचा पत्ता नव्हता, आणि उताराला लागताच काटा मुकाट्यानं मधे आला. मालकाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांचा धंदा. बैल धापा टाकू लागला की उभा करायचा आणि पाणी पाजायचं, तोच न्याय त्यानं इंजिनाला लावला होता. महिनाभरापूर्वी चाक हातात धरलेल्या माणसाला उकळणं कसं असतं ते ठाऊकच नव्हतं, मग खोटं तरी नीट कसं रचणार? खाली उतरल्यावर मी त्याचे दोन्ही कोरे तळहात त्याच्याच समोर धरले. तेव्हा कुठं त्याला घाम फुटला. गाठी त्याच्याच शेतात कडब्याच्या गंजीखाली निघाल्या. पंचनामा झाला, मालक हवालातीत गेला.

या प्रकरणानं मला एक पक्कं शिकवलं. खोटा आळ आला की खरा माणूस तापतो. ते तापणं म्हणजे गुन्हा नव्हे. त्यानं तापायलाच हवं. लुटला गेलेला माणूस त्याच रात्री थंडपणे चहा पितो, तेव्हा पोलिसानं खुर्ची पुढं ओढून बसावं. पुढं या एका गोष्टीवर मी कितीतरी लबाड पकडले आणि फारसा चुकलो नाही.

चाचाला सोडताना मी प्रथमच त्याला 'तुम्ही' म्हणालो. "चाचा, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

तो टोपी झटकत म्हणाला, "साहेब, तुमी इचारलं कुठं? तुमी तर सांगत व्हता."

त्यानंतर फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय मी कुणालाही हवालातीत घातलं नाही. चाचाच्या त्या दोन रात्री मात्र मला परत देता आल्या नाहीत.