गायकवाडबाईंचा फळा

गायकवाडबाई पहिल्यांदा आमच्या नारायण पेठेतल्या केंद्रात आल्या तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली. ती त्यांनी बाजूला सरकवली आणि उभ्यानेच विचारलं, "कर्वेनगरला आत्ता किती मशीन मोकळी आहेत?"

"फोन करून विचारते," मी म्हणाले.

"विचारा. तोवर पेशंट जिना चढून येईल, आणि आपण त्याला परत उतरवाल."

मी फोन लावला. तो एंगेज लागला. बाई हसल्या नाहीत, एवढी सभ्यता त्यांनी दाखवली.

केंद्र म्हणजे किडन्या निकामी झालेल्यांना डायलिसिस देणारं. एकाच ट्रस्टची अशी तीन केंद्रं होती : नारायण पेठ, कर्वेनगर आणि मांजरी. तिघांचं नातं जावाजावांचं. सणावारी गोड, एरवी फोन उचलायचा नाही. मी नारायण पेठेत पेशंटच्या वेळा लावून देत असे. पन्नाशी नुकतीच उलटलेली, म्हणजे तशी अल्लडच. आपला आवाज गोड आहे म्हणून केंद्र चालतं, अशी माझी ठाम समजूत होती. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. मीही लोळले असते, पण गुडघे ऐकत नाहीत.

बाईंची उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. तिथून निवृत्त झाल्या आणि घरी दोन महिनेसुद्धा टिकल्या नाहीत. तिन्ही केंद्रांचे कॉम्प्युटर नेटवर्कने जोडायचे ठरले तेव्हा ट्रस्टने त्यांना बोलावलं. "वायर टाकणारे येतील आणि जातील," त्या म्हणाल्या. "नंतरची भांडणं माझ्याकडे."

मग तिन्हीकडच्या पडद्यांवर एकच तक्ता दिसू लागला. कुठलं मशीन मोकळं, कुणाची वेळ कधी. आम्ही त्याला फळा म्हणायचो. एकाने लिहिलं की तिघांना दिसायचं, एकाने पुसलं की तिघांकडून जायचं. बाई त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत. चहा टेबलावर गार व्हायचा, मोबाइल कानाला, "जय भीम, बोला," आणि डोळे फळ्यावर. वैशाख पौर्णिमेला डबाभर खीर आणत, तीही आम्ही उभ्यानेच खावी अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांच्यामुळे आम्हालाही बसवेना. दर दोन मिनिटांनी वाटायचं, फळ्यावर काही हललं का?

एका सोमवारी सकाळी मांजरीचं पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं. त्या पाण्याशिवाय डायलिसिस होत नाही. तिथल्या सगळ्या पेशंटना आमच्याकडे आणि कर्वेनगरला वाटून घ्यायचं होतं. फळ्यावर नावं भराभर सरकत होती. फोन नाही, आरडाओरडा नाही. मला आमचं भारीच कौतुक वाटलं. शेवटी राहिले सोपानराव. मांजरीचे, उसाची थोडी शेती. आधीची पाळी पाहुण्यांच्या लग्नात बुडवलेली, म्हणून आज चुकवून चालणार नव्हतं.

मी त्यांचं नाव आमच्याकडे लिहिलं. त्याच वेळी कर्वेनगरच्या देवधरांनी त्यांच्याकडे लिहिलं. मला दिसलं की देवधरांनी घेतलंय. म्हटलं, कशाला त्यांच्या मध्ये पडा, आणि आपलं पुसलं. देवधरांना दिसलं की मी घेतलंय. त्यांनी त्यांचं पुसलं. रिकाम्या जागी आम्ही दोघांनीही आपापल्या यादीतले दुसरे पेशंट बसवले आणि समाधानाने चहा मागवला.

सोपानरावांना घेऊन मांजरीची गाडी मात्र फळ्यावर कर्वेनगर बघून केव्हाच निघाली होती.

थोड्या वेळाने देवधरांचा फोन. "पेंडसेबाई, सोपानराव आमच्या दारात आहेत. आपल्याकडे यायचे होते ना?"

"छे, आपल्याकडे."

"मी तर आपला मान ठेवून पुसलं."

"अहो, मीही आपलाच मान ठेवला."

गायकवाडबाई शेजारी उभ्या होत्या. "वा," त्या म्हणाल्या. "दोघांनी एकमेकांचा मान ठेवलात. पेशंट कुठे ठेवलात?"

तेवढ्यात सोपानरावांच्या बायकोचा, हिराबाईंचा फोन आला. "ह्यांना धाप लागलीया. बोलवत न्हाई. कुटं जायचं ते सांगा की."

मी हात चोळत बसले. त्या वयात मी संकटात उपयोगी पडत असे ती एवढीच. बाईंनी एकाच कॉलवर सगळ्यांना घेतलं : डॉक्टर, देवधर, मांजरीची नर्स, गाडीचा ड्रायव्हर, हिराबाई आणि मी. "आता कुणी 'ओके' म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "काय करणार ते आणि आपलं नाव. बाकी काही नको."

डॉक्टर म्हणाले, कर्वेनगरला ना मशीन मोकळं ना सिलिंडर, नारायण पेठेत आणा. मी दारातच तपासतो, आधी ऑक्सिजन. आमच्याकडच्या एका पेशंटचं डायलिसिस संपत आलं होतं, पण पुढची वेळ दुसऱ्या कुणाला दिलेली. "तो पेशंट आमच्या भागातला आहे," देवधर म्हणाले. "प्रकृती ठीक आहे, मी त्यांना संध्याकाळी यायला सांगतो. देवधर." मांजरीची नर्स म्हणाली, रिपोर्ट आत्ता पाठवते, आणि तिने नाव सांगितलं. मी म्हणाले, "ऑक्सिजन घेऊन मी दारात उभी राहते."

"कुठल्या दारात?"

"मागच्या. पुढे कुणीतरी गाडी लावलीय."

"आणि आपण कोण?"

"पेंडसे," मी म्हणाले. स्वतःचं नाव घेणं इतकं जड जातं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लग्नात उखाण्यात नवऱ्याचं घ्यायचं होतं, ते यापेक्षा सोपं गेलं होतं.

गाडी म्हात्रे पुलावर अडकली. कॉल चालूच होता. त्यात हॉर्न ऐकू येत, मध्येच हिराबाईंचं "जरा दम धरा, आलंच," आणि त्यामागे सोपानरावांचा श्वास. बाई पडद्यापासून मागच्या दारापर्यंत आणि परत. मी सिलिंडरची किल्ली फिरवून बघत होते, पुन्हा बंद करत होते, पुन्हा फिरवत होते. कॉल कुणी सोडला नाही.

गाडी आली. सोपानरावांचे ओठ काळपट पडले होते. ऑक्सिजन लागला, डॉक्टरांनी तपासलं, मशीन मोकळं होऊन साफ झालं आणि त्यांना जोडलं. दुपार कलता कलता त्यांनी पाणी मागितलं. डॉक्टरांनी घोटभरच दिलं, त्यावरून ते कुरकुरले. तेव्हा आम्ही सगळे सुटलो.

बाईंनी हिराबाईंना फळा दाखवला. झालं काय ते न लपवता सांगितलं. दोघांनी लिहिलं, दोघांनी पुसलं.

हिराबाईंनी पडद्याकडे बघितलं. "तुमी समदे ह्याच्यात एकमेकांशी बोलत व्हता," त्या म्हणाल्या. "आमाला कुनीच काय इचारलं न्हाई. आमी तर गाडीतच व्हतो."

मला वाटलं, आता बाई एखादा टोला देणार. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. हे मला सुचायला हवं होतं."

त्या आठवड्यात फळ्यावर नवा रकाना आला. जागा बदलली की घरच्यांना फोन करायचा, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच जुनी नोंद पुसायची. ट्रस्टमधले एक गृहस्थ म्हणाले, याने वेळ जातो. बाई म्हणाल्या, "जातो. सोमवारी किती वाचला ते विचारा सोपानरावांना."

पुढे बाईंनी हेही काम सोडलं आणि लेकीकडे नागपूरला गेल्या. निरोपाचं भाषण होऊ दिलं नाही. जाताना मला म्हणाल्या, "आता बसा हं खुर्चीत." तिथे जाऊन त्या स्वस्थ बसल्या असतील असं मला वाटत नाही. गेल्या वर्षी त्या वारल्याचं लेकीने कळवलं, तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच, की कुठेतरी उभ्या असतील.

पण मी सांगतेय ती त्या नागपूरला गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मांजरीची वीज गेली. फळ्यावर नावं पळू लागली, आणि शेजारी उभं राहायला कुणी नव्हतं. मी सोपानरावांना आमच्याकडे घेतलं आणि हिराबाईंना फोन केला.

"तिकडं कोन हाय आमच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"केंद्र आहे ना," मी म्हणाले.

"केंद्र न्हाई इचारलं मी. मानूस कोन हाय?"

"मी आहे. पेंडसे."

"मंग निगतो," त्या म्हणाल्या.